सवतीचा रुपया

देपालपूरच्या त्या लग्नाला जायचा मला कंटाळा आला होता. ऐन थंडीतलं लग्न, उघड्या मैदानात मांडव, आणि नवरीच्या वडिलांखेरीज तिथे आमच्या ओळखीचं कुणीच नाही. हे देपालपूरच्या बँकेत मॅनेजर होते तेव्हा त्या वडिलांशी ह्यांचा घरोबा झाला. त्यांचा धान्याचा व्यापार, एका वाईट वर्षी ह्यांनी दिलेल्या कर्जावर तरलेला. सगळं गाव त्यांना सेठजी म्हणतं, आम्हीही तेच म्हणायचो. ह्यांची बदली झाली, पुढे निवृत्ती झाली, आम्ही इंदूरला कायमचे राहिलो, तरी सेठजी फोनवर अजून "मैनेजर साहब"च म्हणत. धाकट्या मुलीची पत्रिका द्यायला ते स्वतः आले, ह्यांच्या पाया पडले. न जाऊन चालण्यासारखं नव्हतं.

गाडी मी चालवली. ह्यांनी किल्ली माझ्या हातात दिली त्याला तेव्हा बराच काळ लोटला होता. का, असं कुणी विचारलं की म्हणत, "ही माझ्यापेक्षा बरी चालवते." खरं कारण आम्हा दोघांना माहीत होतं, पण त्याचा उच्चार घरात होत नव्हता.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांना. आपल्याला कळतो तोवर तो निम्मं काम उरकून बसलेला असतो. बाजूचं दिसणं आधी जातं, समोरचं शेवटपर्यंत राहतं. त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं ह्यांना भिंगाखाली नाण्यावरचं नखाएवढं अक्षर वाचता येई आणि त्याच वेळी शेजारी ठेवलेला चहाचा कप हाताने उडे. दाराच्या चौकटीला खांदा आपटला की म्हणायचे, "हे दार कुणी अर्धवट लोटलं?" दार सताड उघडं असायचं. मी शाळेत गणित शिकवलंय, चूक दिसली की दाखवायची सवय. इथे मी गप्प बसायला शिकले.

लग्नात बायकांच्या बाजूला एका खाटेवर सेठजींच्या आई रजई गुंडाळून बसल्या होत्या. नव्वदीच्या आसपासच्या असतील. एवढीशी मूर्ती, पण आवाज खणखणीत. मला शेजारी बसवून घेतलं, सेव आणि गुलाबजाम आणवले, आणि मी खाते की नाही यावर नजर ठेवून राहिल्या. त्यांच्या गळ्यात सोन्याची माळ होती, आणि तिच्याखाली काळ्या दोऱ्यात ओवलेला, वर कडी जोडलेला चांदीचा एक जाड रुपया. त्याच्यावर फारसी अक्षरं होती. असली नाणी घरात आयुष्यभर बघितल्यामुळे माझी नजर तिथेच राहिली असणार.

"कंई देखी री हो, बई?" म्हातारीने माळवीत विचारलं.

मी जरा ओशाळले. म्हटलं, "माँजी, ये सिक्का बहुत पुराना लगता है।"

"या म्हारी सौत हे," त्या म्हणाल्या, आणि भोवतीच्या मुली खुदकन हसल्या.

मग त्यांच्या सुनेने मला नीट सांगितलं. माँजी ह्या घरात दुसरेपणाच्या म्हणून आल्या. पहिली बाळंतपणात गेली, मूल वाचलं. ते मूल म्हणजे आपले सेठजी. पहिलीच्या गळ्यातल्या हारात हा रुपया होता. लग्नाच्या दिवशी सासूने तो काढून नव्या नवरीच्या गळ्यात बांधला, म्हणजे गेलेलीचा मान राहावा, तिने रुसून घराला त्रास देऊ नये. आमच्याकडेही पूर्वी दुसऱ्या बायकोच्या गळ्यात सवतीचा टाक असायचा, हे मी सासूबाईंकडून ऐकलं होतं. बघितला कधी नव्हता. माँजींनी हा रुपया त्या दिवसापासून काढलेला नव्हता. नवी साडी आली की आधी तिचा पदर ह्या रुपयाला लावायचा, मग अंगावर घ्यायची. सणाचा पहिला घासही आधी तिला.

"पेली वा, पछी हूँ," माँजी म्हणाल्या. आधी ती, मग मी.

मला त्या इतक्या आवडल्या की मी त्यांचा फोटो मागितला. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, बोळकं तोंड मिटून गंभीर झाल्या, आणि मी मोबाइलवर फोटो काढला. मनात नाणं वगैरे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी लग्नाचे फोटो टीव्हीवर लावले. ह्यांना आता मधलंही धूसर दिसे, मोबाइलवरचं दिसत नसे, टीव्हीवर मोठं करून थोडंफार दिसे. माँजींचा फोटो आला तेव्हा मी सवतीची गोष्ट सांगत होते. हे खुर्चीतून उठले, पडद्याच्या अगदी जवळ गेले आणि मान हळूहळू हलवत राहिले. दाराच्या फटीतून आतली खोली बघावी, तसं त्यांना बघावं लागे.

"हे मोठं कर," ते म्हणाले.

"काय?"

"रुपया. मोठा कर. अजून."

रुपया पडद्यावर परातीएवढा झाला. कडा धुरकट झाल्या, पण मधली अक्षरं राहिली. ह्यांनी डोळा पडद्याला जवळजवळ टेकवला. मग एका वळणावर बोट ठेवून म्हणाले, "हा मधला भाऊ आहे."

आता हा मधला भाऊ कोण, ते सांगायला हवं.

नाणी गोळा करणारे इंदूरात पुष्कळ आहेत. कुणी होळकरांची करतं, कुणी इंग्रजांची. हे फक्त हरलेल्यांची करत. बादशहा मेला की त्याचे मुलगे तख्तासाठी एकमेकांवर उठत, आणि ज्याने त्याने पहिलं काम काय करायचं, तर आपल्या नावाचा रुपया पाडायचा. फौज नंतर, रुपया आधी. लोकांच्या हातात ज्याचं नाव तो राजा. पुढे लढाई व्हायची, एक जिंकायचा, आणि तो बाकीच्यांचे रुपये गोळा करून वितळवून टाकायचा, त्याच चांदीवर आपलं नाव उठवायचा. म्हणून जिंकलेल्याचे रुपये पोत्याने मिळतात, हरलेल्याचा एखादाच, कुठेतरी चुकून राहिलेला.

ह्यांना ज्या भावांचं वेड होतं त्यांचा बाप दख्खनेत म्हातारा होऊन मेला होता. थोरला तेव्हा लांब उत्तरेत, धाकटा दक्षिणेत. मधला बापाच्या छावणीच्या जवळ होता, त्याने लगेच स्वतःला बादशहा म्हणवून घेतलं आणि आग्र्याकडे निघाला. बऱ्हाणपूर, मग आपला माळवा, मग पुढे. वाटेत टांकसाळ लागेल तिथे त्याच्या नावाचे रुपये पडले. आग्र्याजवळ थोरल्याने त्याला गाठलं आणि तो लढाईत मारला गेला. काही महिन्यांची बादशाही. जिंकलेल्या थोरल्याचे काही रुपये ह्यांनी केवळ जोडीला म्हणून ठेवले होते, धाकट्याचा एक होता. मधल्याचा एक बऱ्हाणपूरचा होता, झिजलेला. पण त्याच वाटेवरचा उज्जैनचा, म्हणजे आपल्या घरापासून तासाभराच्या गावात पाडलेला, ह्यांनी कधी पाहिला नव्हता. तीस वर्षं ते त्याची वाट बघत होते.

"नाव ह्या बाजूला असतं," ते म्हणाले, "गाव मागच्या बाजूला. मागची बाजू बघायला हवी."

मागची बाजू माँजींच्या छातीवर होती.

आठवड्याभरात आम्ही पुन्हा देपालपूरला गेलो. लग्नाची दमणूक उतरलेली, घर शांत. सेठजी आनंदले. ह्यांनी त्यांना सगळं खरं खरं सांगितलं, काही लपवलं नाही: रुपया दुर्मीळ असू शकतो, मला तो विकत नको, फक्त एकदा हातात घेऊन बघायचाय. सेठजी म्हणाले, "साहब, मेरे हाथ में होता तो अभी दे देता। पर ये तो माँ के हाथ में भी नहीं है।"

माँजी अंगणात उन्हात बसल्या होत्या. सेठजींनी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं. त्यांनी रुपया मुठीत धरला आणि मान हलवली. दोरा निघणार नाही. दोऱ्याची पहिली गाठ सासूने मारलेली. दोरा झिजला की नवा दोरा आधी ओवायचा आणि मग जुना तोडायचा, एक क्षणही गळा मोकळा राहायला नको.

मग त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे त्यांच्या उजव्या बाजूला, रिकाम्या जागेकडे बघून नमस्कार करून उभे होते.

"थने दीखे कोनी, बेटा?"

मी धसकले. हा प्रश्न आमच्या घरात, नात्यात, कुणी ह्यांना तोंडावर विचारला नव्हता. मुलगीसुद्धा पुण्याहून फोन करून मलाच विचारायची, "बाबांचं कसं चाललंय?" त्यांना नाही.

हे म्हणाले, "कम दिखता है, माँजी। अब बहुत कम दिखता है।"

इतकं सरळ. मी त्यांची बायको, मला हे वाक्य कधी ऐकायला मिळालं नव्हतं. एका परक्या अंगणात, तेही दुसऱ्याच कुणाला सांगताना ऐकलं. मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा ते कळलं नाही.

माँजींनी ह्यांना खाली बसायला लावलं, त्यांचा हात ओढून घेतला आणि रुपयावर ठेवला. "हाथ से देखी ले।"

हे संकोचाने बसून राहिले. मग अंगठ्याने रुपयाची वरची बाजू चाचपली, मग हळूच बोट मागे नेलं. डोळे मिटून घेतले होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आयुष्यभर डोळ्यांनी वाचलेली अक्षरं बोटांना कुठून ओळखू येणार? त्यांनी थोड्या वेळाने हात काढला.

"तू बघ," मला म्हणाले. "काय दिसतं ते सांग."

माँजींनी मला रुपया दोन बोटांनी उचलून दाखवला, पुरता उलटा नाही, अर्धवट तिरका. उलटा केला तर ती पाठ फिरवेल, असं त्यांचं म्हणणं. मागची बाजू तेलाने, घामाने काळी झालेली. मी वाकून, मान वाकडी करून बघितलं.

"एक आडवी रेघ आहे," मी म्हटलं. "तिच्याखाली वाटीसारखं काहीतरी."

"वाटी उजवीकडे उघडी की वर?"

"वर. बहुतेक वर."

"वाटीत ठिपका आहे?"

"आहे. नाही, तो मळ असेल."

"मळ आहे की ठिपका आहे?"

"अहो, मला नाही कळत."

"रेघेच्या डावीकडे काय आहे?"

"काळं आहे."

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. तीस वर्षांत मी ह्यांच्याकडून ती लिपी शिकले असते तर त्या दुपारी मला वाचता आलं असतं, पण तेव्हा मला ती खुळं वाटत, आणि शिकवायची ह्यांनाही हौस नव्हती. फोटो काढला. हात हलला, उजेड चमकला, घरी येऊन बघितला तर पांढरा डाग. मुंबईच्या एका जाणकाराला तोही पाठवला. त्यांनी कळवलं की पुढची बाजू उत्तम आहे, मधल्या भावाचाच रुपया दिसतो, पण गाव कळल्याशिवाय काही सांगता येत नाही, नाणं हातात हवं.

निघताना माँजींनी ह्यांना सांगितलं होतं, उन्हाळ्यात ये, तेव्हा दोरा बदलायचा आहे. जुना तोडायच्या आधी नवा ओवताना रुपया उताणा करावाच लागतो, तेव्हा बघून घे. हे त्या आशेवर राहिले.

पण उन्हाळ्याच्या तोंडावर डोळ्यांचा दाब वाढला. थेंब वाढवले, गोळ्या दिल्या, उतरेना. डॉक्टरीणबाई तरुण आणि फार स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, ऑपरेशन केलं तर दाब उतरेल, उरलेलं टिकेल. गेलेलं परत येणार नाही. आणि इतकं थोडं उरलेलं असताना ऑपरेशनमध्ये तेही जायची थोडी शक्यता असते, ते आधीच सांगून ठेवते. नाही केलं तर मात्र नक्की जाईल.

"म्हणजे दोन्हीकडून तेच," हे म्हणाले.

"नहीं अंकल, एक तरफ़ चांस है।"

आधी उजवा डोळा केला. पट्टी काढली तेव्हा ह्यांनी खिडकीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "उजेड आहे." मी विचारलं, "आणि?" ते म्हणाले, "उजेड आहे ना, झालं." त्या डोळ्यात तेवढंच राहिलं. कुणाची चूक नव्हती. सांगितलेलंच झालं होतं. आता उरला डावा, त्यातली ती बारीकशी फट.

ते दिवस मी कसे काढले ते आठवत नाही, म्हणजे दिवस आठवतात, मी आठवत नाही. थेंबांच्या बाटल्यांना वेगवेगळ्या रंगाचे रबर लावले आणि मग लक्षात आलं की रंग मलाच दिसणार आहेत. सकाळी हे नाण्यांची पेटी काढून बसत, एकेक नाणं हातात घेऊन ओळखायचा प्रयत्न करत. थोरला, थोरला, धाकटा. कधी बरोबर येई. चुकलं की मी "हो" म्हणू का "नाही" म्हणू, हे मला दर वेळी नव्याने ठरवावं लागे. मी "नाही"च म्हणायचे. खोटं बोललेलं त्यांना आवाजावरून लगेच कळे.

देपालपूरला जायचं ठरतच होतं आणि सेठजींचा फोन आला. माँजी गेल्या. झोपेत गेल्या, कुणाला त्रास दिला नाही. अस्थी नर्मदेत सोडायला खेडीघाटला जातोय, इंदूरवरूनच जाणार, साहेबांना सांगा. मग म्हणाले, "और भाभीजी, वो सिक्का भी साथ जाएगा।"

मी ह्यांना जसंच्या तसं सांगितलं. हे म्हणाले, "आपण जाऊ."

आम्ही आमच्या गाडीने गेलो, सिमरोळचा घाट उतरून. खेडीघाटला पोचलो तेव्हा ऊन कडक होतं, पाणी बरंच खाली गेलेलं, पायऱ्यांवर माणसांची गर्दी. सेठजी मुंडण करून, पांढऱ्या पंच्यात उभे होते, अगदी लहान मुलासारखे दिसत होते. कलशाला लाल कापड बांधलेलं. त्यांनी आम्हाला पाहिलं, ह्यांना हात धरून पायरीवर बसवलं, आणि कमरेच्या गाठीतून रुपया काढून ह्यांच्या तळव्यावर ठेवला.

"साहब, एक बार देख लो।"

दोरा नव्हता. कडी तेवढी होती. तीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो रुपया, असला तर, ह्यांच्या हातात होता, आणि ह्यांना आता तळवाही नीट दिसत नव्हता. त्यांनी तो डाव्या डोळ्याशी नेला, लांब केला, जवळ आणला, उन्हाकडे तिरका धरला. मग माझ्याकडे दिला.

"मागची बाजू," म्हणाले.

मी बघितली. ह्या वेळी भरपूर उजेड होता, कुणी धरून ठेवलं नव्हतं, घाई नव्हती. ती काळी बाजू कुणीतरी चिंचेने घासून स्वच्छ केलेली होती. आणि तिच्यावर काही नव्हतं. सत्तर वर्षं माँजींच्या अंगावर घासून, आणि त्याआधी त्या पहिलीच्या अंगावर घासून, ती सगळी गुळगुळीत झाली होती. त्या दिवशी देपालपूरला मी जी वाटी सांगितली ती मळाचीच होती.

"काय आहे?"

"काही नाही," मी म्हटलं. "झिजलंय सगळं."

"कडेला बघ. कडीच्या खाली."

"एक रेघ आहे. छोटी."

"कशी आहे?"

मला सांगता येईना. मी त्यांचा हात घेतला आणि तळव्यावर बोटाने ती रेघ काढून दाखवली, थोडी वाकडी, शेवटी वर गेलेली. त्यांनी परत काढायला लावली. तिसऱ्यांदा काढली.

"नूनचं, त्यांच्या न अक्षराचं, शेपूट असेल," ते म्हणाले. "उज्जैनच्या शेवटी नून असतं." मग जरा वेळाने म्हणाले, "बऱ्याच गावांच्या शेवटी असतं."

तेव्हा मला राहवलं नाही. मी सेठजींना बाजूला घेऊन म्हटलं की भाईसाहेब, असा रुपया फार कमी उरलाय, नदीत टाकलात की तो कायमचा गेला, कुठल्या तरी संग्रहालयात ठेवता येईल, तुमच्या आईच्या नावाने ठेवता येईल. मी बरंच बोलले. शाळेत पालकांशी बोलायचे तशी बोलले.

सेठजींनी सगळं ऐकून घेतलं. मग हात जोडले. म्हणाले, "भाभीजी, अपनी जनम देने वाली को मैंने देखा नहीं। उसका फ़ोटू भी नहीं है। बचपन में माँ मुझे ये सिक्का दिखा के बोलती थी, ये तेरी बड़ी माँ है, पाँव लग। मैं रोज़ पाँव लगता था। माँ बोल के गई है कि हम दोनों को साथ में भेजना।" त्यांनी पंच्याच्या टोकाने डोळे पुसले. "पर साहब का मेरे ऊपर बहुत एहसान है। आप बोलोगी तो मैं दे दूँगा।"

त्यांनी नकार दिला असता तर मला भांडता आलं असतं. ते देतो म्हणाले आणि माझं तोंड बंद झालं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी सगळं ऐकलेलं होतं, कान आता तिखट झालेत. ते पायरीवरून उठले, अंदाजाने एक पाऊल पुढे आले, तसं सेठजींनीच त्यांना धरलं.

"सेठ, ले जाइए," हे म्हणाले. "देर मत कीजिए।"

नाव आली. सेठजी, त्यांचा मुलगा आणि गुरुजी बसले. सेठजींना ह्यांनाही बरोबर न्यायचं होतं, पण नाव हलत होती, पाय कुठे ठेवायचा ते ह्यांना दिसेना, आणि दोन माणसांनी धरूनही ते चढेनात. एकदा पाय पाण्यात गेला. तेव्हा ते म्हणाले, "रहने दो, मैं यहीं ठीक हूँ।" आम्ही दोघं पायरीवर थांबलो. नाव मधोमध गेली. मी सांगत राहिले: आता थांबली, आता कलश उचलला, आता सोडला.

"रुपया?"

"तो दिसत नाही इतक्या लांबून."

खरंच दिसला नाही. सेठजींचा हात नावेबाहेर गेलेला दिसला, आणि परत आलेला दिसला.

घरी आल्यावर मुंबईच्या जाणकारांचा फोन आला. मी काय झालं ते सांगितलं. ते हळहळले, म्हणाले, तुम्ही निदान दोन्ही बाजूंचे नीट फोटो तरी काढायचे होते. मला ते सुचलंच नव्हतं. मोबाइल माझ्या पर्समध्ये होता. पण त्या फोटोत तरी काय आलं असतं, एक गुळगुळीत चकती.

पुढच्या महिन्यात डाव्या डोळ्याची तपासणी होती. किती दिसतं ते मोजायचं यंत्र असतं. एका अर्ध्या गोलात तोंड घालून बसायचं, हातात बटण, आत कुठेतरी प्रकाशाचा बारीक ठिपका उमटतो, दिसला की बटण दाबायचं. खोलीत अंधार करतात. तंत्रज्ञ मुलीने मला तिच्या मागे स्टुलावर बसू दिलं, तिच्या पडद्यावर ठिपका कुठे उमटतोय ते मला दिसत होतं.

वर डावीकडे ठिपका आला. बटण वाजलं नाही. खाली आला. नाही वाजलं. उजवीकडे, मग परत वर, मग अगदी कडेला. हे पाठ ताठ करून, हनुवटी टेकवून, बटणावर अंगठा तयार ठेवून बसले होते. शाळेत मुलं पाढे विचारायची वाट बघत बसतात तसे. पडद्यावर ठिपके येत होते आणि जात होते. दर वेळी माझ्या तोंडात यायचं, आला बघा, आता आला, दाबा. मी ओठ मिटून बसले. सांगून उपयोग नव्हता, आणि सांगायची परवानगीही नव्हती.

बऱ्याच वेळाने मधोमध एक ठिपका आला आणि बटण वाजलं. मग पुन्हा शांत.

मुलगी जरा वाकून म्हणाली, "अंकल, नींद तो नहीं आ रही?"

"नहीं बेटा," हे आतून म्हणाले. "मैं देख रहा हूँ।"